दुसरी खुर्ची

जुलैच्या शेवटी एका रात्री पावणेअकराला फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. एवढ्या रात्री त्यांचा फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला, कारण त्या एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलीय आणि गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. पण आवाज एकदम हसरा. "अगं झोपली नाहीस ना? मग पाच मिनिटं खाली ये. ब्रह्मकमळ उमलायला लागलंय, अर्धं झालंसुद्धा." माझ्यासमोर लॅपटॉप उघडा, दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन, अजून सात-आठ स्लाइड बाकी. मी म्हटलं, "काकू, आज नाही हो जमणार. उद्या सकाळी ऑफिसला जाताना नक्की बघून जाते." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "सकाळी होय... बरं. बरं, तू काम आवर तुझं." आणि फोन ठेवला. सकाळपर्यंत ते फूल राहत नाही हे त्या बोलल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही ते माहीत होतं की. ब्रह्मकमळ सकाळी मिटतं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी तोंडातून 'उद्या सकाळी' निघून गेलं, इतक्या सहज, जणू फूल माझ्या ऑफिसच्या वेळेला थांबणार होतं.

सकाळी साडेआठला गेले. काकूंचं दार उघडंच होतं, गॅलरीत तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ते झाड, आणि त्याच्या काठाला फूल लोंबत होतं, धुऊन पिळून टाकलेल्या रुमालासारखं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, रंग पांढरा म्हणावा की पिवळट ते कळेना. जवळ नाक नेलं तर वास होता थोडासा, दमट, उरलासुरला. काकूंनी रात्री फुलाला हळदकुंकू वाहिलं होतं, त्याचा ठिपका देठाजवळ तसाच होता. आणि समोर दोन खुर्च्या मांडलेल्या. एक त्यांची नेहमीची वेताची, तिच्या पाठीवर शाल. दुसरी घडीची, जी एरवी कपाटामागे असते आणि पाहुणे आले की निघते. त्या घडीच्या खुर्चीवर एक ताटली, वर वाटी पालथी घातलेली. खाली ओल्या नारळाच्या चार वड्या होत्या. "तुझ्यासाठी काढून ठेवल्या होत्या, डब्यात देते थांब," म्हणाल्या. मी विचारलं, किती वेळ बसला होतात? "एक वाजेपर्यंत असेन. मग डास फार झाले गं." तक्रारीचा एक शब्द नाही. फोनमधले फोटो दाखवले, सगळे अंधारे, एकात त्यांचं बोटच आलेलं.

फुलापेक्षा मला ती दुसरी खुर्ची जास्त लागली.

त्या झाडाची गोष्ट मला माहीत होती. 2019 मध्ये काकांनी त्यांच्या एका मित्राकडून एक पान आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात लावलं होतं. पान म्हणायचं आपलं, ते खरं म्हणजे चपटं झालेलं खोड असतं, कारण हे झाड मुळात मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर फुलतं, उत्तराखंडचं राज्यपुष्प ते, त्याचा आणि आपल्या गॅलरीतल्या डब्याचा काही संबंध नाही. हे मी एकदा काकूंना सांगितलं होतं, तर त्या म्हणाल्या, असेल बाई, पण आमच्याकडे ब्रह्मकमळच म्हणायचं. लोकांकडे दोन-तीन वर्षांत कळ्या येतात, काकांच्या झाडाला नुसतीच पानं. लांबच लांब, वेडीवाकडी, रेलिंगच्या बाहेर गेलेली. काका रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन काठ तपासायचे, कुठे लालसर टोक दिसतंय का. 2021 मध्ये काका गेले. त्यानंतर काकूंनी झाडाला पाणी घातलं पण काठ तपासायचं सोडून दिलं होतं. म्हणजे त्या रात्री जे उमलत होतं ते त्या डब्यातलं पहिलं फूल. हे सगळं मला माहीत असताना मी स्लाइडवरचे बाण सरळ करत बसले होते.

या 'उद्या सकाळी'चा मी नंतर बराच विचार केला. मी काही आळशी नाही, माणूसघाणीही नाही. ते वाक्य माझ्या घरातून आलंय असं मला वाटतं. आमच्याकडे सगळ्या चांगल्या गोष्टी नंतरसाठी असायच्या. शोकेसमध्ये बोन चायनाचा टी-सेट, निळ्या बारीक फुलांचा, तो 'कुणी आलं तर'. नवीन चादरी 'दिवाळीला', आणि दिवाळीला काढायची वेळ आली की, राहू दे, या अजून चांगल्या आहेत. आणि अण्णांचं 'रिटायर झाल्यावर'. माझे वडील साताऱ्यात जन्मले, साताऱ्यात सरकारी नोकरी केली, आणि कासचं पठार त्यांनी फुलांच्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. साताऱ्यापासून कास म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर. पुण्या-मुंबईहून लोक पहाटे तीनला निघून यायचे, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा पेपरात रकानेच्या रकाने आले, आणि अण्णा ते रकाने कापून फाइलला लावायचे. कधी विषय निघालाच तर म्हणायचे, "कास काय पळून चाललंय व्हय? जाऊ की निवांत." आमच्या नळाला कासच्या तलावाचं पाणी यायचं. म्हणजे त्या माणसाने जन्मभर कासचं पाणी प्यायलं, वर फुलं बघायला जायचं तेवढं राहिलं.

कारणं खोटी नव्हती त्यांची. सप्टेंबरमध्ये गणपती, पाहुणे, माझ्या आणि भावाच्या सहामाही परीक्षा, ऑफिसात ऑडिट, आणि स्कूटरवर घाटात आईची पाठ धरायची. एकेक कारण घेतलं तर खरंच होतं. 2011 ला 58 पूर्ण होऊन ते रिटायर झाले, त्या वर्षी माझं लग्न. मग भावाचा फ्लॅट. मग गुडघे.

शेवटी 2018 च्या सप्टेंबरमध्ये मीच गाडी केली, ऑनलाइन बुकिंग केलं आणि त्यांना घेऊन गेले. घाटात पाऊस होता, वर गेल्यावर थांबला, पण ढग इतके खाली की माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. काठी टेकत अण्णा फार तर शंभर पावलं चालले असतील आणि मग जांभ्या दगडाच्या एका उंचवट्यावर बसले. चहूकडे तेरडा. गुलाबी, जांभळट गुलाबी, ढग सरकला की एकदम पुढेपर्यंत दिसायचा आणि परत झाकला जायचा. मी फोटो काढत सुटले. साडेआठशेच्या वर प्रकारची फुलझाडं आहेत इथे, असं मी त्यांना सांगत होते, कुठेतरी वाचलेलं, गाइडच्या थाटात. ते ऐकत नव्हते. त्यांच्या पायाशी, दगडाच्या खळग्यात जिथे बोटभर माती आणि पाणी साचलेलं असतं तिथे, सीतेची आसवं उगवली होती. नखाएवढं निळंजांभळं फूल. ते किडे खाऊन जगतं, कारण त्या मातीत कसच नसतो, मुळांसारख्या धाग्यांना बारीक बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले जीव अडकतात. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून, त्यावर हनुवटी टेकवून त्या फुलांकडे बघत होते. दहा मिनिटं तरी. मग ते काहीतरी बोलले. "आई माझी..." एवढं मला ऐकू आलं. पुढचं वाक्य बरंच मोठं होतं, मध्ये ते हसलेसुद्धा. मी स्क्रीनवर ढग सरकायची वाट बघत होते. मी म्हटलं, "हं."

2020 च्या जानेवारीत अण्णा गेले. ते वाक्य काय होतं मला माहीत नाही.

आईला विचारलं, तिलाही माहीत नाही, ती गाडीतच बसली होती गारठ्यामुळे. त्या दिवसाचे माझ्याकडे एकशे चाळीस फोटो आहेत. तेरडा आहे, ढग आहेत, दोन अनोळखी पोरं उड्या मारताना आहेत. अण्णा दोन फोटोंत, त्यातल्या एकात पाठमोरे. मी अंदाज बांधत राहते. आजी आमची गौर तेरड्याची आणायची, मुखवट्यांची नाही. नदीच्या बाजूने मुळासकट तेरडा उपटून आणायचा, न बोलता, तोंडात पाण्याची चूळ धरून, आणि उंबऱ्यात पायांवर पाणी घातलं की मगच चूळ सोडायची. लहानपणी अण्णा तिच्या मागे मागे जाऊन तिला हसवायचा प्रयत्न करायचे, चूळ सुटावी म्हणून, हे मी आत्याकडून ऐकलंय. तेच सांगत असतील कदाचित. हसले होते ना मध्येच. पण हा माझा अंदाज, त्यांनी तर मला सांगितलं होतं, अगदी शेजारी बसून, आणि मी तिथे असून नव्हते. काकूंच्या फुलाच्या वेळी निदान मी वर माझ्या घरात होते. इथे तर चार फुटांवर.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आजी कायम टोमण्यासारखी वापरायची. कुणी नवीन हौस सुरू केली, मी पेटीच्या क्लासला नाव घातलं, भावाने व्यायाम सुरू केला, की लगेच, तेरड्याचा रंग तीन दिवस. पण तीच आजी त्याच तीन दिवस टिकणाऱ्या तेरड्याला साडी नेसवायची, दागिने घालायची, सोळा भाज्या करायची. आली त्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी कानवला आणि निरोप. पाय सुजायचे तिचे. तीनच दिवसांसाठी कशाला एवढं, असं तिला कधीच वाटलेलं मी पाहिलं नाही. तीनच दिवस म्हणून तर ती मरमर करायची. आणि हे आमच्याच घरात होतं असंही नाही. कोकणात माझ्या सासरी दीड दिवसाचा गणपती. महिनाभर आधी भिंती रंगवायच्या, गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, आंब्याचे टाळे, कांगण्या, हरणाची फुलं बांधायची, मुंबईवरून माणसं उभ्याने प्रवास करून येतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती पाण्यात. सासरे पाटावर घेऊन निघाले की दरवर्षी रडतात. पण गणपती पुढच्या आठवड्यात बसवू, यंदा ऑफिसात गडबड आहे, असं कुणी म्हणत नाही. मातीची मूर्ती, उपटलेलं रोप, यांच्यासाठी आपण घड्याळ, नोकरी, पाय, सगळं बाजूला ठेवतो. म्हणजे थोड्या वेळापुरतं जे आलंय त्याच्याजवळ जाऊन बसायचं असतं हे आपल्याला शिकवलेलं आहे. हाताला सवय आहे त्याची. मग शेजारचं माणूस फोन करून बोलावतं तेव्हा काय होतं आपल्याला?

सकाळी सकाळी येणारे ते 'आजचा दिवस भरभरून जगा' वाले फॉरवर्ड, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेले, मला सहन होत नाहीत. ज्याला पगार कापला जायची भीती आहे त्याला कुणी सांगावं क्षण जग म्हणून. अण्णांनी कास पुढे ढकललं तेव्हा त्या वेळेचं काही ना काही आम्हाला मिळालंच, फी भरली गेली, लग्न झालं. माझं ते प्रेझेंटेशनही करायलाच हवं होतं, झालंही चांगलं. त्यामुळे सगळं सोडून द्या असं मी म्हणूच शकत नाही. पण काकूंनी मला पाच मिनिटं मागितली होती. एक जिना. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून जाऊन येता आलं असतं. कासला तर मी सुट्टी घेऊन, पैसे भरून गेले होते, कामाचा प्रश्नच नव्हता, तरी माझं लक्ष नंतर फोटो कसे दिसतील याच्यावर. म्हणजे वेळ नाही हे कारण दर वेळी खरं नसतं. मला वाटतं समोरचं संपणार आहे हे मनाला इतकं टोचतं की आपण तिकडे पूर्ण बघतच नाही. फोटो काढून ठेवतो, नाहीतर उद्यावर टाकतो.

आई मात्र बदलली. अण्णा गेल्यानंतर मी साताऱ्याला राहिले होते तेव्हा, पंधराव्या की सोळाव्या दिवशी असेल, सकाळी तिने चहा दिला तो निळ्या फुलांच्या कपात. मी बघतच राहिले. ती काही बोलली नाही, मीही नाही. तेव्हापासून तेच कप रोज. मोलकरणीच्या हातून एक फुटला, एकाचा कान गेला, आता चारच राहिलेत. मी म्हटलं, अगं जप ना जरा, सेट मोडेल. ती म्हणाली, "मोडू दे. त्यांनी एकदासुद्धा यातनं चहा प्यायला नाही." आणि कानतुटका कप स्वतःपुढे ओढला.

गौरी-गणपती झाले आणि काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे बंगळूरला गेल्या. किल्ली माझ्याकडे, झाडांना पाणी घालायला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी घालताना दिसलं, काठाला दोन लालसर टोकं. परत! ब्रह्मकमळाला एका मोसमात दुसऱ्यांदा बहर येतो कधीकधी, हे मला माहीत नव्हतं. मी रोज फोटो पाठवायला लागले, काकू डोळ्याला पट्टी असताना सुनेकडून ऐकून घ्यायच्या, केवढी झाली, रंग कसा आहे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, देठ आधी खाली लोंबतो, मग कळी मान वर उचलते. ती फुगून टोक सैल झालं की समज, आज रात्री.

त्या दिवशी मी ऑफिसातून सव्वासहाला निघाले. लवकर निघण्याबद्दल कुणाला काही कारण सांगितलं नाही. जेवून आठला काकूंच्या घरी. गॅलरीतला दिवा बंद ठेवला, आतला लावला. वेताची खुर्ची होतीच, घडीची कपाटामागून काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या शेजारी मांडली. साडेआठच्या सुमारास मोठ्या कळीच्या टोकाला फट पडली. नुसतं बघत बसलं तर हलताना दिसत नाही, पण पाणी प्यायला आत जाऊन आलं की वेगळं दिसतं. बाहेरच्या अरुंद तांबूस पाकळ्या आधी मागे वळल्या, मग आतल्या पांढऱ्या, एकेक. नऊ-सव्वानऊला वास आला. एकदम नाही, वाऱ्याबरोबर थोडा, परत नाही, परत थोडा जास्त. असा वास आणि असा पांढरा रंग रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांना बोलावण्यासाठी असतो म्हणे, मूळ देशात. इथे आमच्या गॅलरीत कोण येणार, तरी झाडाने आपलं सगळं नेमाने केलं. दहाला ते तळहाताएवढं झालं, आत पुंकेसरांचा झुबका आणि मधोमध ती चांदणी. मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसरा डोळा स्क्रीनला अगदी चिकटवलेला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वास सुटलाय?" मी म्हटलं, सुटलाय, घरभर. "तसाच आहे का गं, मागच्या वेळेसारखा?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "काकू, मागच्या वेळी मी आले नव्हते."

"अगंबाई, हो की," त्या म्हणाल्या. "मग आता नीट घे. आणि एकटी बसू नकोस."

शेजारी कुणी जागं दिसेना. मी खाली गेले, गेटवर वॉचमनमामा मोबाइलवर कीर्तन ऐकत बसले होते. बारा तासांची ड्युटी त्यांची. म्हटलं, मामा, पाच मिनिटं वर येता, फूल उमललंय. त्यांनी गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कडी घातली. काकूंच्या दाराबाहेर चपला काढल्या, टोपी काढून हातात घेतली. घडीच्या खुर्चीत बसा म्हटलं तर आधी नको नको, मग अगदी कडेवर टेकले. फुलाच्या आत वाकून बघितलं, मागे झाले, परत वाकले. लातूरकडचे ते. म्हणाले, "ताई, आमच्याकडं पाण्याची बोंब, हे असलं मी नुसतं लोकांच्या स्टेटसला बघितलेलं." मग घरी व्हिडिओ कॉल लावला, कुणी उचलला नाही, झोपले असतील. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नीट मागे सरकून बसले. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. पाऊस भुरभुर सुरू झाला होता, रेलिंगवरून आलेले थेंब पाकळीवर दिसत होते. मग खाली हॉर्न वाजला, एकदा, लगेच परत. मामा झटकन उठले, टोपी घातली.

"उघडून या परत," मी म्हटलं. "खुर्ची राहू देते. दुसरं अजून उमलायचंय."